पक्कडमावशीची चिठ्ठी

दुकान एकच, पण पाट्या दोन. एका पाटीवर कात्रीचं चित्र, दुसरीवर कॉम्प्युटरचं. आत शिरलं की डाव्या हाताला मावशीचे यजमान शिलाई मशीनवर वाकलेले दिसत आणि उजव्या हाताला मावशी, कुणाच्या तरी उघड्या सीपीयूत डोकं घालून बसलेली. नवखं गिऱ्हाईक कॉम्प्युटर काखेत मारून आलं की न चुकता डावीकडे जाई आणि यजमानांना म्हणे, "काका, हा चालूच होत नाहीये."

यजमान गळ्यातली टेप न काढता सांगत, "माझ्याकडे दिलात तर फार तर त्याची बाही आखूड करून देईन. पलीकडे दाखवा."

गिऱ्हाईक पलीकडे बघे. मावशीला नखशिखांत न्याहाळी. मग आवाज खाली आणून पुन्हा यजमानांनाच विचारी, "मिस्त्री किती वाजता येतात?"

हे मावशीने एक-दोन दिवस नाही, तीस वर्षं ऐकलं. सुरुवातीला तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. पुढे पुढे ती डोकं वर न काढताच म्हणायची, "मिस्त्री सकाळीच आलेत. बोला." निळ्या एप्रनच्या खिशात सदानकदा एक बारीक चोचीची पक्कड असायची, म्हणून गल्लीने तिचं नाव पक्कडमावशी ठेवलं होतं. तिला ते आवडायचं. निदान नावात तरी लोकांनी तिच्या हातात हत्यार दिलं होतं.

हत्यार दिलं होतं ते खरं म्हणजे तिच्या बाबांनी. ते रेडिओ दुरुस्त करत. त्यांचा एक नियम होता. रेडिओ दुरुस्त झाला की लगेच परत द्यायचा नाही. आवाज पार वर चढवायचा आणि दुकान बंद होईपर्यंत तसाच गाजत ठेवायचा. शेजारीपाजारी कानांवर हात ठेवत, भांडायला येत, पण बाबा बधत नसत. "दमवल्यावर जो कुरकुरत नाही, तो दुरुस्त," असं ते म्हणत. याला ते 'पळवून बघणं' म्हणत.

रेडिओ गेले, कॉम्प्युटर आले, पण मावशीने तो नियम सोडला नाही. दुरुस्त झालेलं मशीन ती टेबलावर मांडायची आणि त्याला दिवसभर अवघड अवघड गणितं घालणारा एक प्रोग्राम लावून द्यायची. प्रोसेसर तापायचा, पंखा भणभणायचा. संध्याकाळपर्यंत मशीन टिकलं की ती आपल्या वळणदार अक्षरात चिठ्ठी लिहायची, "दिवसभर पळवून पाहिले. मशीन ठीक आहे." खाली सही. या चिठ्ठीला वजन होतं. जुना कॉम्प्युटर विकत घेणारे आधी विचारत, "मावशीची चिठ्ठी आहे का?" मग पुढचं बोलणं. यजमान तिला चिडवायचे, "मी उभा जन्म पँटी शिवल्या, पण माझी चिठ्ठी कुणी मागितली नाही." त्यावर ती म्हणायची, "तुमच्या पँटी लोक घालून बघतात. चिठ्ठी कशाला लागेल?"

तर अशी ही चिठ्ठी. हिनेच एकदा तिचा घात केला. तिचा म्हणण्यापेक्षा दुसऱ्याच एका मुलीचा, आणि म्हणूनच मावशीला ते जास्त झोंबलं.

दोन रस्ते पलीकडे रक्ततपासणीचं एक केंद्र होतं. तिथे रिपोर्ट टाइप करायच्या खोलीत तीन कॉम्प्युटर होते आणि तिन्ही रडतखडत चालत. केंद्राच्या मॅनेजरने त्यावर एक झटपट तोडगा काढला. अख्खे कॉम्प्युटर बदलायचे नाहीत. जुने मदरबोर्ड तसेच ठेवायचे आणि फक्त प्रोसेसर नवे बसवायचे. पुरवठादाराचा एक माणूस यायचा, गळ्यात कायम टाय बांधलेला, म्हणून सगळे त्याला टायवालाच म्हणत. त्याने जुन्या बोर्डावरची प्रोसेसरची जागा बघितली आणि सांगितलं, "खाच तीच आहे. बसतो." आणि खरंच बसला. पंधरा दिवस तिन्ही मशिनं वाऱ्यासारखी पळाली. मॅनेजर ज्याला त्याला आपली हुशारी सांगत सुटला.

मग निळा पडदा यायला लागला. कामाच्या ऐन मध्ये स्क्रीन निळाशार व्हायचा, त्यावर चार ओळी उमटायच्या आणि मशीन आपलं आपण बंद होऊन पुन्हा सुरू व्हायचं. टाइप केलेलं सगळं मुसळ केरात.

मावशीला बोलावणं आलं. तिनेही आधी तेच केलं जे सगळे करतात. सगळं पुसून ऑपरेटिंग सिस्टम नव्याने घातली. "फॉरमॅट मारा" हे आता ताप आला की गोळी दिल्यासारखं झालंय, कशाचा ताप ते कोण विचारतो? एकदा फॉरमॅट केलं, पुन्हा निळा पडदा. दुसऱ्यांदा केलं, पुन्हा तेच. तेव्हा मॅनेजरने तीन नंबरचं मशीन थेट दुकानात पाठवलं आणि फोनवर म्हणाला, "मावशी, एकदाच काय ते नीट तपासा आणि मला लेखी द्या. मशिनात दोष आहे की नाही, एवढंच."

मावशीने ते मशीन सकाळी लावलं आणि दुकान बंद होईपर्यंत पळवलं. मेमरी तपासली, डिस्क तपासली, तापमान मोजलं. मशीन जरासुद्धा अडखळलं नाही. तिने चिठ्ठी लिहिली, "मशीन क्रमांक तीन. दिवसभर पळवून पाहिले. ठीक आहे." सही केली, तारीख घातली, आणि तो विषय डोक्यातून काढून टाकला.

आठ दिवसांनी, दुपारच्या वेळी, एक मुलगी दुकानात आली. पंचविशीची असेल. खांद्याला पिशवी, हातात एक जाडजूड वही. डावीकडे न बघता ती सरळ उजवीकडे आली. मावशीला त्याचंच पहिल्यांदा नवल वाटलं.

"मावशी, ही सही तुमचीच ना?"

तिने पिशवीतून दोन कागद काढले. एक होती चिठ्ठीची झेरॉक्स. दुसरी नोटीस. मावशीने चष्मा लावून नोटीस वाचली. मशीन निर्दोष असल्याचे तज्ज्ञाने लेखी दिलेले आहे. सबब, ते वारंवार बंद पडण्यास संबंधित कर्मचाऱ्याची हाताळणी जबाबदार आहे. शनिवारपर्यंत सुधारणा न झाल्यास सेवा समाप्त करण्यात येईल.

मावशीने 'तज्ज्ञ' या शब्दावर बोट ठेवलं. तीस वर्षांत तिला कुणी तज्ज्ञ म्हटलं नव्हतं. मिस्त्री कधी येतील असंच विचारलं होतं. आणि आता म्हटलं ते या कामासाठी. तिची कानशिलं तापली.

पण माणूस आधी आपली बाजू सांभाळतो. तिनेही सांभाळली. "अगं, पण मशीन ठीकच होतं. मी स्वतः पळवलंय."

"असेल ठीक. पण मी मोडलं नाही."

"पेनड्राइव्ह वगैरे लावतेस?"

"नाही."

"बाहेरचं काही डाउनलोड?"

"तिथे इंटरनेट फक्त मॅनेजरांच्या खोलीत आहे."

"मग दुसऱ्या मशीनवर बसून बघितलंस?"

"दोनदा जागा बदलली माझी. मी जाईन तिथे निळा पडदा येतो. म्हणून तर सगळ्यांची खात्री पटलीय." मुलगी हे सगळं अगदी शांतपणे सांगत होती, पण वही धरलेली बोटं पांढरी पडली होती. "घरी आई आणि आजोबा आहेत. नोकरी गेली तर दुसरी बघेन, त्याचं काही नाही. पण या कागदानिशी गेले तर दुसरीकडे कोण घेईल? लिहिलंय काय, तर ही मशिनं मोडते."

पलीकडे शिलाई मशीन थांबलं होतं. यजमान म्हणाले, "अगं, चौकशी करशील नंतर, तिला बसायला तर दे."

मुलगी बसली. केंद्रात तिला गोगलगाय म्हणत. तोंडावर म्हणत, ती हसून सोडून देई. शेजारी बसणारी दुसरी टायपिस्ट होती, ती तुफान. तुफानची बोटं कीबोर्डवरून उठायची नाहीत. तिचे दहा रिपोर्ट व्हायचे तेव्हा हिचे सहा. कारण हिची एक रीत होती. रिपोर्ट टाइप झाला की ती खोलीतलं हस्तलिखित रजिस्टर पुढे ओढायची. बोट ठेवून एकेक आकडा वाचायची, मग स्क्रीनवर तोच आकडा बघायची. सगळा रिपोर्ट संपला की पुन्हा एकदा, खालून वर. कामाला लागल्यावर पहिल्याच महिन्यात तिला अशाच ताडण्यात एक दशांशचिन्ह सरकलेलं सापडलं होतं. तो रिपोर्ट तसाच गेला असता तर एका धडधाकट माणसाला नको ती औषधं सुरू झाली असती. त्याबद्दल तिला शाबासकी मिळाली का? छे. उशीर का झाला म्हणून विचारणा झाली.

"ही वही कसली?" मावशीने विचारलं.

"निळा पडदा आला की लिहून ठेवते. कुणी सांगितलं नव्हतं. मला आपली सवय."

वहीत तेवीस नोंदी होत्या. तारीख, वेळ, मशीनचा नंबर, आणि शेवटच्या रकान्यात, त्या वेळी काय करत होते. मावशी त्या रकान्यावरून बोट फिरवत खाली गेली. ताडून पाहत होते. ताडून पाहत होते. रजिस्टरचे पान शोधत होते. ताडून पाहत होते. डॉक्टरांनी हाक मारली म्हणून उठले होते. ताडून पाहत होते.

बोट थांबलं.

"ताडताना हात कुठे असतात तुझे?"

"रजिस्टरवर."

"दोन्ही?"

"हो. एका हाताचं बोट ओळीवर, दुसऱ्या हाताने पान दाबून धरते. पंख्याने उडतं."

"माऊसला, कीबोर्डला हात नाही?"

"नाही."

"किती वेळ?"

"दोन-तीन मिनिटं. मोठा रिपोर्ट असला तर पाच."

मावशीने वही मिटली. तेवीसपैकी एकदाही मशीन टाइप करताना बंद पडलं नव्हतं. ते बंद पडत होतं स्वस्थ बसल्यावर. आणि तिने काय केलं होतं? सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्याला एक क्षण बसू दिलं नव्हतं. जो आजार झोपेत येतो तो शोधायला रोग्याला दिवसभर पळत ठेवलं होतं, आणि वर लिहून दिलं होतं, ठीक आहे.

तिला राग आला. मॅनेजरचा आला, टायवाल्याचा आला, पण सगळ्यात आधी स्वतःच्या त्या वळणदार अक्षराचा आला.

"शनिवार म्हणजे परवा," ती म्हणाली. "उद्या मी येते. तोवर कुणाशी काही बोलू नकोस. ही वही ठेव माझ्याकडे."

मुलगी जरा घुटमळली. "उद्या सकाळी लागेल मला. नोंद राहून जाईल."

"पानावर लिहून ठेव, मग उतरवून काढ," मावशी म्हणाली, आणि इतक्या रागातही तिला हसू आलं.

त्याच दुपारी ती केंद्रात जाऊन आली. साफसफाई करायचीय असं सांगून तिने एका मशीनचं झाकण उघडलं आणि मदरबोर्डवरचं नाव उतरवून घेतलं. नुसतं नाव नाही. बोर्डच्या कोपऱ्यात, धुळीखाली, तिळाएवढ्या अक्षरात आणखी एक आकडा असतो, त्या बोर्डची आवृत्ती कितवी ते सांगणारा. तिथे 'एक' होता. दुकानात येऊन तिने बोर्ड बनवणाऱ्या कंपनीची यादी काढली. कुठल्या बोर्डवर कुठले प्रोसेसर चालतात, ते कंपनी स्वतःच छापते. आणि या बोर्डच्या याद्या दोन होत्या. आवृत्ती दोनच्या यादीत हा नवा प्रोसेसर होता. आवृत्ती एकच्या यादीत नव्हताच. तिने यादी वरून खाली बघितली. मग त्या मुलीची आठवण झाली, म्हणून खालून वर बघितली. नव्हता.

यजमान खुर्ची ओढून शेजारी येऊन बसले. "मला कळेल असं सांग."

"नवा प्रोसेसर आहे ना, त्याला काम नसलं की तो गाढ झोपतो. झोपला की त्याला वीज अगदी थेंबथेंब लागते. जुन्या प्रोसेसरला इतकी गाढ झोप माहीतच नव्हती. हा बोर्ड त्याच काळातला. भरभरून वीज द्यायची तर देतो, थेंबथेंब द्यायची त्याला जमत नाही. मध्येच धार तुटते. तुटली की निळा पडदा."

यजमानांनी थोडा विचार केला. "म्हणजे ताडपत्री शिवायच्या मशीनवर रेशमाचा धागा लावला. पळतंय तोवर शिवतं. थांबलं की धागा तुटतो."

"तसंच."

"आणि धागा तुटला म्हणून शिंप्याला घरी पाठवतायत."

"शिंप्याला नाही हो," मावशी म्हणाली. "टाके मोजून बघणाऱ्या बाईला. जी न मोजता शिवते तिचा तुटत नाही. बघा तर खरं, जो कुणी थांबून विचार करेल त्याच्यावरच बालंट. आणि शिक्का माझा."

शुक्रवारी दुपारी ती केंद्रात गेली. मॅनेजरला सांगून तिने टायवाल्यालाही बोलावून घेतलं. मॅनेजर टेबलावरच्या फायली एकसारख्या करत म्हणाला, "बसा ना मावशी, पण जरा पटकन. तुम्ही तर लिहून दिलंय सगळं. आता आणखी काय?"

"लिहून दिलंय त्याच्याबद्दलच बोलायचंय. इथे नाही, रिपोर्टच्या खोलीत."

खोलीत गेल्यावर तिने तीन नंबरचं मशीन चालू केलं, एक जुना रिपोर्ट उघडला, आणि त्याच्यासमोर खुर्च्या मांडल्या. मॅनेजर, टायवाला, ती मुलगी आणि ती स्वतः. दोन नंबरवर तुफानचं टाइपिंग चालूच होतं.

"तू चालू ठेव," मावशी तुफानला म्हणाली. "आम्ही या मशीनसमोर नुसतं बसायचं. कोणी हात लावायचा नाही."

"आणि करायचं काय?" मॅनेजरने विचारलं.

"बसायचं."

सगळे बसले. पंखा फिरत होता. रजिस्टरची पानं फडफडत होती. दोन मिनिटं झाली. चार झाली. टायवाल्याने घड्याळ बघितलं, मग टाय सरळ केला, मग पुन्हा घड्याळ बघितलं.

"शोकसभा आहे का ही?" मॅनेजर म्हणाला. "कुणाची ते तरी कळू द्या."

मावशीची नजर स्क्रीनवरच होती. आज नेमकं नाही झालं तर? यंत्रं अशीच असतात, दाखवायला गेलं की गुणी पोरासारखी वागतात. मग ही पोरगी उद्या घरी, आणि आपली दुसरी साक्षही तिच्याच विरुद्ध. सात मिनिटं झाली. मुलगी मांडीवर हात घट्ट धरून स्क्रीनकडे बघत होती.

मॅनेजर उठला. "बघितलंत? ठीक आहे मशीन. तुमच्याच चिठ्ठीत होतं." असं म्हणत त्याने सवयीने माऊस हलवून दाखवला. "हे बघा, चालतंय."

"हात काढा," मावशी म्हणाली.

आवाज चढला नव्हता, पण मॅनेजरने हात काढला.

"तो झोपला होता, तुम्ही त्याला उठवलंत. आता पुन्हा पहिल्यापासून. बसा खाली."

तो बसला. का बसला ते त्यालाही कळलं नसावं. पुन्हा मिनिटं मोजायला सुरुवात झाली. तुफानच्या बोटांचा आवाज तेवढा येत होता. तीन मिनिटं. पाच. नऊ. टायवाला काहीतरी बोलायला तोंड उघडणार, इतक्यात समोरचा स्क्रीन निळा झाला. चार ओळी उमटल्या. मग काळोख, आणि मशीन आपलं आपण पुन्हा सुरू व्हायला लागलं.

मुलीने सवयीने मावशीच्या पिशवीतली वही घेतली, घड्याळात बघून वेळ लिहिली, मशीनचा नंबर लिहिला आणि शेवटच्या रकान्यापाशी अडली. "मावशी, इथे काय लिहू? काय करत होतो?"

"लिही, चार माणसं नुसती बसली होती."

तिने तसं लिहिलं.

टायवाल्याला वाचा फुटली. "धूळ असेल. किंवा व्होल्टेज."

मावशीने दोन्ही याद्या त्याच्या मांडीवर ठेवल्या. "बोर्डची आवृत्ती एक. तुमचा प्रोसेसर दोनच्या यादीत आहे. एकच्या यादीत दाखवा कुठे आहे तो."

त्याने कागद उलटसुलट केले. "खाच तर तीच आहे, मॅडम. बसतो ना."

"माझ्या यजमानांची टेपही तुमच्या गळ्यात बसेल, टायच्या जागी. म्हणून काय तुम्ही कपडे बेतायला घेणार? बसतो का हे कुणी विचारलं नव्हतं. चालतो का ते विचारायचं होतं. ते बघायला दहा मिनिटं लागली असती. ती तुमच्याकडे नव्हती. हिच्याकडे एकेका रिपोर्टला पाच मिनिटं आहेत, ती मात्र गोगलगाय."

टाइपिंगचा आवाज थांबला होता. तुफान खुर्ची वळवून बघत होती. "एक सांगू का?" ती चाचरत म्हणाली. "मी जेवून आले की माझंही मशीन कधीकधी पुन्हा सुरू झालेलं असतं. दहा-बारा वेळा झालंय. मी बोलले नाही."

"का नाही बोललीस?" मॅनेजर खेकसला.

"बोलले असते तर आणखी एक नोटीस निघाली असती." मग तिने शेजारणीकडे बघितलं आणि लगेच मान खाली घातली. "चुकलंच माझं."

मुलीने वहीचं नवं पान उघडलं आणि वर लिहिलं, मशीन दोन.

मॅनेजरने घसा खाकरला. "बरं, मग आता काय ते करा आणि विषय संपवा."

मावशीने मशीन बंद करून पुन्हा चालू केलं आणि ऑपरेटिंग सिस्टम यायच्या आत बायोसमध्ये शिरली. ऑपरेटिंग सिस्टमच्याही आधी जागा होणारा हा छोटा प्रोग्राम बोर्डमध्येच असतो. तिथे तिने प्रोसेसरची गाढ झोप बंद केली. तिन्ही मशिनांवर केली. "आता तो डुलक्या काढेल, पण गाढ झोपणार नाही. वीज जास्त खाईल, तापेल. सध्यापुरतं भागेल. पण हे खरं औषध नव्हे. एकतर बोर्ड बदला, नाहीतर जुने प्रोसेसर परत बसवून घ्या."

"चालतंय ना पण? मग बोर्ड कशाला?"

मावशीने त्याच्याकडे बघितलं. म्हणजे अजूनही तेच. महिनाभर एका पोरीला सगळ्यांसमोर पाण्यात पाहिलं, तिची जागा बदलली, तिच्या भाकरीवर उठलात, ते सगळं स्वतः घेतलेला एक निर्णय चुकला हे कबूल करायला नको म्हणून. आणि आता, कळल्यावर, काय तर चालतंय ना.

मॅनेजर मुलीकडे वळला. "हां, तुम्ही लागा कामाला. ती नोटीस तशीही उद्यानंतर लागू होणार होती, त्यामुळे तसं काही झालेलं नाही."

"झालेलं नाही?" मावशी म्हणाली. "माझी चिठ्ठी कुठे आहे?"

"कुठली?"

"मूळ चिठ्ठी. ठीक आहे म्हणून लिहिलेली. मला परत हवी."

"फाईलला लागलेला कागद असा परत देता येत नाही, मावशी."

"नका देऊ. मग त्याच्यावर दुसरा कागद लावा. मी आत्ता इथे बसून लिहिते. आणि त्या नोटिशीवर तुमच्या अक्षरात लिहा, रद्द. तज्ज्ञ म्हणालात ना मला? मग तज्ज्ञाचं दोन्ही वेळेला ऐका. सोयीचं तेवढंच नको."

"नाहीतर?"

"नाहीतर काही नाही. उद्यापासून माझ्याकडे कुणी चिठ्ठी मागितली की मी सांगेन, एक चिठ्ठी अमक्या ठिकाणी खोटी पडलीय, ती परत मिळेपर्यंत नवी लिहिणार नाही. का म्हणून विचारलं तर तेही सांगेन. माझ्या दुकानात कापड बेतून होईपर्यंत लोक बसलेले असतात, त्यांना ऐकायला काहीतरी लागतंच."

टायवाला दाराकडे बघत होता. मॅनेजरने फायल आणवली. नोटिशीवर त्याने पेन टेकवला, उचलला, पुन्हा टेकवला, आणि कागद फाटेल इतक्या जोरात लिहिलं, रद्द. माफीचा शब्द मात्र त्याने काढला नाही. मावशीने वाट बघितली. मग सोडून दिलं. काही लोकांच्या तोंडात त्या शब्दाला खाचच नसते.

तिने कोरा कागद घेतला आणि लिहायला बसली. आज अक्षर वळणदार येत नव्हतं. मशीन क्रमांक तीन मी पूर्वी ठीक आहे असे लिहून दिले होते. ते चूक होते. मी ते फक्त पळवून पाहिले, बसवून पाहिले नाही. दोष मदरबोर्ड आणि प्रोसेसर एकमेकांना न जुळण्याचा आहे, तिन्ही मशिनांत आहे. काम करणाऱ्या कोणाचाही दोष नाही. तिने सही केली आणि कागद मॅनेजरपुढे सरकवला.

"थांबा," मुलगी म्हणाली.

तिने कागद स्वतःपुढे ओढला. दुसऱ्या हाताने तो दाबून धरला, पंख्याने उडू नये म्हणून, आणि बोट ठेवून एकेक ओळ वाचायला लागली. मग वही उघडली आणि कागद वहीशी ताडून बघायला लागली. मॅनेजरने घड्याळ बघितलं. तुफान बघत होती. समोर तीन नंबरचा स्क्रीन उजळलेला होता आणि त्याला कुणाचाच हात लागलेला नव्हता.

"मावशी, तारीख चुकलीय," ती म्हणाली. "आज सतरा. तुम्ही सोळा लिहिलीय."

मावशीने पक्कडीच्या खिशातून पेन काढलं, सोळा खोडलं, सतरा केलं आणि खोडलेल्या जागेशेजारी पुन्हा बारीक सही केली.

"झालं का आता?" मॅनेजर म्हणाला.

"एकदा खालून वर बघते," मुलगी म्हणाली, आणि तिने शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. मावशी खुर्चीला टेकून बसली. तिला कसलीच घाई नव्हती.